आगगाडीचा उतारू टांग्याचा

वडगावच्या कोर्टात शिपायानं “बद्रुद्दीन इनायत, राहणार सोमाटणे” असा पुकारा केला, की मॅजिस्ट्रेटसाहेब कागदातून मान वर न काढताच विचारायचे, “आता कुणाला मारलं?” मी तेव्हा तिथल्या एका वकिलाकडे कारकून होतो आणि बद्रुद्दीनच्या सगळ्या कैफियती माझ्याच हातच्या. पाच वर्षांत चार खटले. पहिला एका हमालाच्या जबड्याचा, दुसरा एका खानसाम्याच्या बरगड्यांचा. तिसरा एका पुणेकर गृहस्थाच्या नाकाचा. हे गृहस्थ बद्रुद्दीनच्या भाड्याच्या मोटारीत बसले होते आणि खंडाळ्याच्या वाटेवर त्यांनी बायकोच्या थोबाडीत मारली. बद्रुद्दीननं मोटार थांबवली, त्यांना खाली उतरवलं, नाक फोडलं, परत आत बसवलं आणि ठरल्या बंगल्यावर नेऊन पोचवलं. वर भाडंही घेतलं.

माणूस उंचीनं बेताचा, पण मनगटं पाहून घ्यावीत अशी. बाप इनायत नालबंद होता. लाथाडणाऱ्या घोड्याचा पाय मांडीत धरून बसायचं काम बद्रुद्दीननं लहानपणापासून केलेलं. पुढे मोटार शिकला आणि लोणावळ्याच्या एका शेटची मोटार स्टेशनाबाहेर भाड्यानं चालवू लागला. त्याला राग येताना कधी दिसत नसे. आलेला दिसायचा, आणि तोवर समोरचा खाली पडलेला असायचा.

मला तो आवडायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. राग माझ्याही नाकावर असतो, पण माझा सगळा राग जिभेत आणि टाकात. आयुष्यात मी कुणाला चापट मारलेली नाही. शिरस्तेदार मला चारचौघांत ‘अरे कारकुंड्या’ म्हणायचा तेव्हा मी घरी येऊन भाकरीवर राग काढत असे. त्यामुळे बद्रुद्दीनची कैफियत लिहिताना मला दोन घास जास्त जायचे.

चौथा खटला मळवलीचा. कार्ला आणि भाजे ही दोन्ही लेणी पाहायला आगगाडीनं येणारे मळवली स्टेशनावर उतरतात, आणि तिथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत टांगे. त्यांतला एक टांगा अंबाजीचा. श्रावणातल्या चिखलात त्याची घोडी बसली. उठेना, तेव्हा अंबाजीनं तिच्या डोळ्यांवर चाबूक ओढायला सुरुवात केली. बद्रुद्दीन मागून मोटार घेऊन येत होता. त्यानं चाबूक हिसकला आणि अंबाजीचं उजवं मनगट मोटारीच्या मडगार्डावर ठेवून मोडलं. मनगट पुढे बसलं, पण वाकडं.

खटला माघात उभा राहिला, आणि या वेळी साहेबांनी मान वर केली. वर्षभर शांतता राखण्याचा मुचलका लिहून घेतला. वर्षात हात उचलला तर तुरुंग आणि मोटारीचा परवाना कायमचा रद्द. जामीन राहायला कुणी पुढे येईना, म्हणून मी राहिलो.

त्याच संध्याकाळी बद्रुद्दीनची बायको अजीजुन्निसा आमच्या ओसरीवर आली. दोन मुली पदराला. म्हणाली, “भाऊ, मोटार गेली तर आमी काय खावं? ह्यास्नी असं काय तरी सांगा की डोस्क्यात बसंल. कलमं त्यास्नी कळत न्हाईत.”

तिचं खरं होतं. कायद्याला आडवाटा पुष्कळ असतात, पण त्या मी बद्रुद्दीनला दाखवल्या नाहीत. एवढीशी फट दिली असती तर त्यानं तीतून मोटार काढली असती. मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, “काहीही होवो. कुणी आईवरून शिवी देवो, कुणी मारो. वर्षभर हात उचलायचा नाही. विचारायचं असलं तर मला विचारायचं.”

“तुमी म्हनाल तसं,” तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट झाली. मळवलीचे टांगेवाले आणि लोणावळ्याचे मोटारवाले एकवीरेच्या पायऱ्यांशी जमले आणि रोजच्या मारामाऱ्या मिटवायला एक नियम ठरला. आगगाडीचा उतारू टांग्याचा, सडकेचा उतारू मोटारीचा. टांगेवाल्यांनी सडकेवर जायचं नाही, मोटारवाल्यांनी मळवली स्टेशनाच्या आवारात यायचं नाही. सगळ्यांनी शपथेला देवीचा भंडारा उचलला. बद्रुद्दीननंही उचलला. कुणीतरी म्हणालं, तू मुसलमान, तुझं काय? तो म्हणाला, “देवी हितली, मी बी हितला. भंडाऱ्याला जात इचारता व्हय?”

ते वर्ष त्यानं कसं काढलं ते मी पाहिलं आहे. शेट त्याला भर बाजारात शिव्या द्यायचा, आणि हा दोन्ही हात काखेत घालून उभा. एकदा एका दारुड्यानं त्याच्या तोंडावर थुंकलं. बद्रुद्दीन चालत सडकेपर्यंत गेला आणि तिथल्या मैलाच्या दगडावर दोन ठोसे मारून परत आला. बोटांची सालं निघाली होती. मला हात दाखवून म्हणाला, “दगडाची फिर्याद हुती का, भाऊ?” मी नाही म्हणालो.

मुचलका सुटायला बारा-तेरा दिवस उरले असताना माझ्या सासूबाई, अंबूबाई, खेडकडून आल्या. कार्ल्याची लेणी पाहायची आणि एकवीरेची ओटी भरायची होती. एका दिवसात जाऊन यायचं. प्रश्न एवढाच, की आगगाडी की मोटार.

सासूबाई जन्मात आगगाडीत बसल्या नव्हत्या. “मला आगीनगाडीतनंच न्या. ती पाहिल्याबिगर डोळं मिटायचं न्हाई मला,” त्या म्हणाल्या. आणि माझी बायको, लीलाबाई, हिला मोटारच हवी होती. शिरस्तेदाराची बायको मागच्या महिन्यात मोटारीनं लोणावळ्याला जाऊन आली होती आणि तेव्हापासून पाणवठ्यावर दुसरं बोलत नव्हती. दोन दिवस आमच्याकडे याच वादात आमटीला मीठ पडलं नाही.

शेवटी मी तडजोड काढली. जाताना आगगाडीनं मळवलीपर्यंत. तिथं बद्रुद्दीन मोटार घेऊन उभा राहील. मग कार्ला, भाजे, वळवणचं धरण, आणि संध्याकाळी मोटारीनंच घरी. दोन्ही पक्ष खूश. एवढी सफाईदार तडजोड आमच्या वकिलांनाही कधी जमली नव्हती, आणि मी तसं दोघींना बोलूनही दाखवलं.

बद्रुद्दीनला सांगितलं तर तो म्हणाला, “भाऊ, मळवलीला नगं. मी मोटार घिऊन वडगावला येतो, हितनंच बसा. न्हाई तर आजीस्नी लोणावळ्यापत्तुर आगगाडीनं आना, मी तितं हुबा ऱ्हातो.”

दोन्ही तोडगे माझ्या तोडग्यापेक्षा चांगले होते. पण तडजोड मी काढली होती, आणि एका मोटारवाल्यानं तिच्यात खोट काढावी हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, “अरे, तुमचा नियम भाड्याच्या उतारूचा. मी का भाड्याचा उतारू? मी तुझा जामीन. भाडं देणार नाही, पेट्रोल घालीन. म्हणजे नियम मोडतच नाही.”

“आमच्या भंडाऱ्यात असलं काय न्हवतं,” तो म्हणाला. पण मी त्याचा जामीन होतो. त्याला नाही म्हणता आलं नाही.

रविवारी सकाळी नऊला आम्ही मळवलीला उतरलो. सासूबाई भलत्याच खुशीत होत्या. आगगाडीच्या खिडकीतून त्यांनी कामशेतपासूनचं प्रत्येक झाड मोजलं होतं. स्टेशनाबाहेर पाच टांगे ओळीनं उभे, घोड्यांच्या तोंडाला तोबरे. पहिला नंबर अंबाजीचा होता. तो पुढे येऊन नीट म्हणाला, “या आजी, बसा.”

“आमची मोटार आहे,” मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. मोटारीत बसायला पैसे लागतात आणि ओळख लागते, आणि तेव्हा माझ्यापाशी दोन्ही असल्यासारखं दिसत होतं. आम्ही त्या पाची टांग्यांसमोरून चालत गेलो आणि बाभळीखाली उभ्या मोटारीत बसलो. बद्रुद्दीननं मोटार आवारात न आणता हद्दीच्या दगडालगत लावली होती.

अंबाजी आला. उजवं मनगट वाकडं म्हणून चाबूक डाव्या हातात. मागे दोघे.

“बद्रू, उतारू आगगाडीचं हायेत.”

“व्हय, हायेत. भाडं घेत न्हाई अंबाजी. घरचं मानूस हाय.”

“घरचं असू दे न्हाई तर दारचं. भंडारा उचललाय तू.”

बद्रुद्दीननं मान खाली घातली. मग मागे वळून मला म्हणाला, “भाऊ, उतरा. टांग्यात बसा. मी मागनं येतो.”

त्या वेळीसुद्धा सगळं मिटलं असतं. पण मी उतरलो तो टांग्यात बसायला नाही, युक्तिवाद करायला. भाडं म्हणजे काय, उतारू कुणाला म्हणावं, करार लेखी नसला तर त्याची किंमत काय, हे मी त्या तिघांना बोट नाचवत ऐकवलं. अंबाजीनं दोन मिनिटं ऐकलं आणि माझ्या छातीवर हात ठेवून मला ढकललं. माझी टोपी उडाली आणि मी फुफाट्यात बसलो.

बद्रुद्दीनचा हात मोटारीच्या चक्रावरून सुटला. मूठ वळलेली मी पाहिली. त्या क्षणी मला ना अंबाजी दिसला ना बद्रुद्दीन. मला माझी जामिनावरची सही दिसली, आणि मी बसल्या जागेवरून ओरडलो, “बद्रुद्दीन, हात खाली! मुचलक्याचे अजून अकरा दिवस राहिलेत!”

सगळे थांबले. टांगेवाले आजवर जे दबकून होते ते या मुठीला. वर्ष झालं की अजून व्हायचंय, याचा हिशेब त्यांच्यातल्या कुणाला नव्हता. अंबाजीनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “अजून अकरा दिस हायेत व्हय?”

“हो,” मी म्हणालो. कुणी विचारलं तर बरोबर तारीख सांगायची, ही माझी कोर्टातली सवय.

मग त्यानं चाबूक ओढला. पहिला कानावर बसला, दुसरा गालावर. बद्रुद्दीन चक्र दोन्ही हातांनी धरून बसून राहिला. दोघांनी त्याची गचांडी धरली, पण त्याची बोटं चक्रावरून निघेनात. एकानं दगड घेतला आणि बोटांवर मारला. तीनदा मारल्यावर ती सुटली. त्याला बाहेर ओढून खाली पाडलं आणि लाथा सुरू झाल्या. पोटात, बरगड्यांत, मानेवर. बद्रुद्दीननं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलं. घोड्याचा पाय धरावा तसं स्वतःचं मनगट धरून तो मातीत पडला होता.

मधे एकदाच त्यानं तोंड वर केलं. तोंडात माती आणि रक्त. मला विचारलं, “भाऊ, उचलू?”

आणि मी म्हणालो, “नको.”

तेव्हा अंबाजीनं चाबूक उलटा केला. दांड्याच्या टोकाला पितळी शेंबी होती. ती त्यानं बद्रुद्दीनच्या डाव्या डोळ्यात घातली. पहिल्यांदा चुकली, भुवई फुटली. दुसऱ्यांदा चुकली नाही. त्या दिवशी बद्रुद्दीन तेवढाच एकदा ओरडला.

माझी बायको मोटारीतून उतरली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या होता. तो तिनं अंबाजीच्या टाळक्यात घातला, तो बसल्यावर पुन्हा खांद्यावर घातला, आणि दुसऱ्याच्या तोंडावर घातला. मी अजून फुफाट्यातच होतो. सासूबाई मोटारीत डोळे मिटून देवीचं नाव घेत होत्या. ओरडा ऐकून स्टेशनमास्तर आणि रुळावरची माणसं धावत आली तेव्हा तांब्याला चार पोचे पडले होते आणि बाई अजून थांबायला तयार नव्हती.

मोटार चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. बद्रुद्दीनला पुढच्या गाडीच्या गार्डाच्या डब्यात निजवून पुण्याच्या इस्पितळात नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कामशेतच्या पुढे तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, “उचलला न्हाई, भाऊ.” मी त्याला शाबासकी दिली. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

तीन बरगड्या, दोन बोटं, आणि डोळा. बोटं आणि बरगड्या सांधल्या. एका डोळ्याच्या माणसाला मोटारीचा परवाना मिळत नाही. मुचलका मात्र तो खाटेवर असतानाच बिनबोभाट सुटला.

दोन महिन्यांनी वडगावला अंबाजीवरचा खटला उभा राहिला. बद्रुद्दीन साक्षीला आला. साहेबांनी सगळं ऐकलं, पेन ठेवलं आणि विचारलं, “तिघे तुला मारत होते आणि तू हात बांधून पडलास. का?”

“मुचलका हुता, साहेब.”

“अरे, स्वतःचा जीव वाचवायला हात उचलणं गुन्हा नाही. मुचलका त्याच्या आड येत नाही. हे तुला कुणी सांगितलं नाही?”

बद्रुद्दीनला आता डावीकडचं दिसत नव्हतं. मी डावीकडे बसलो होतो. त्यानं अख्खी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. “न्हाई साहेब,” तो म्हणाला, “कुनी न्हाई सांगितलं.”

अंबाजीला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. दुपारी मी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या पेटीपाशी बसलो असताना बद्रुद्दीन आला.

“भाऊ, मुचलका सुटला न्हवं?”

“कधीच सुटला.”

“आनि साहेब म्हनलं ते तुमाला ठावं हुतं?”

खोटं बोलता आलं असतं. कोर्टात मी दिवसाला दहा खोटी लिहायचो. “होतं,” मी म्हणालो.

“हुबं ऱ्हावा.”

मी उभा राहिलो. राग येताना या वेळीही दिसला नाही. मी खाली पडलो तेव्हा समोरचा एक दात जिभेवर होता आणि पेटीतले कागद व्हरांडाभर झाले होते. शिपाई धावत आला. मी म्हणालो, “पाय घसरला.” शिपाई बद्रुद्दीनच्या मुठीकडे बघत परत गेला. बद्रुद्दीननं मला काखेत हात घालून उठवलं, कोट झटकला, टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

“आता अर्ज लिवा,” तो म्हणाला. “टांग्याच्या परवान्याचा. मळवली.”

“टांगा कुठाय तुझ्याकडे?”

“अंबाजीचा. त्याची बायकू विठाबाई रडत बसलीया. दोन वरसं घोडी उपाशी मरंल. तिचा काय गुना?”

मी तोंडाला धोतराचा सोगा धरून अर्ज लिहिला. कागदावर दोन थेंब पडले, म्हणून दुसरा कागद घेऊन पुन्हा लिहिला. त्यानं अंगठा उठवला आणि राम राम न करता गेला.

पुढच्या वर्षी अंबूबाईंनी परत कार्ल्याचं काढलं, देवीची ओटी राहिली होती. या वेळी आगगाडी की मोटार असा वाद आमच्या घरात झाला नाही. आम्ही मळवलीला उतरलो. बाहेर पाच टांगे ओळीनं उभे. तिसऱ्या टांग्यावर बद्रुद्दीन बसला होता, आणि त्याच्या टांग्याला चाबूक नव्हता. घोडी अंगानं भरली होती. सासूबाईंनी त्याला ओळखलं आणि त्या तडक त्याच्या टांग्याकडे निघाल्या. मीही त्यांच्या मागे गेलो. वर्षभर मनात जुळवून ठेवलेलं काही बोलायचं होतं.

त्यानं चांगला डोळा आमच्याकडे वळवला. सासूबाईंना हात जोडले. मग मला म्हणाला, “भाऊ, नंबर माझा न्हाई. म्होरल्या टांग्यात बसा.”

आम्ही पुढल्या टांग्यात बसलो.